तीन थरी केकाची मोहीम आणि दुभत्याच्या कपाटाची किल्ली

श्रीबिरोबा कुलस्वामी याचे चरण स्मरून, आणि घरातील वडील माणसांची माफी आधीच मागून ठेवून, लिहिण्यास आरंभ केला. शके एकोणीसशे एकवीस, प्रमाथीनाम संवत्सर, पौष शुद्ध दशमी, वार रविवार, इंग्रजी सन दोन हजार, ते दिवशी मौजे न्हावरे, तालुका शिरूर, येथील कोळपेवस्तीवर जे रण माजले, आणि त्यात मैदा, साखर, अंडी व साय ऐसी चतुरंग सेना कामास येऊन शेवटी तीन थरांचा केक उभा राहिला, त्याची हकीकत साद्यंत लिहून ठेविली पाहिजे. नाहीतर पुढील पिढ्या म्हणतील की केक दुकानातून आणिला होता, आणि थोरांचे श्रम मातीस मिळतील. सबब ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, ज्यांनी नाकाने हुंगले आणि ज्यांनी टोपाचे बूड खरवडून खाल्ले, त्या सर्वांच्या तोंडचे ऐकून, आणि पदरचे मीठ घातलेच तर चिमूटभरच घालून, हा मजकूर सिद्ध केला आहे.

दौलतीची पूर्वपीठिका ऐसी. कोळप्यांचे घराणे मूळचे मेंढरांमागचे. आण्णांचे आजे-पणजे घोंगडी खांद्यावर टाकून घोड आणि भीमा या दोन नद्यांमधला मुलूख तुडवीत फिरत, आणि जेथे कळप बसे तेथेच त्यांची राजधानी होई. मग आण्णांनी मेंढरे विकून न्हावऱ्यास जमीन धरली, आणि ऊस लावला, आणि कांदा लावला, आणि गोठ्यात तीन म्हशी बांधल्या. पैकी ऊस-कांदा हा आण्णांचा सुभा, आणि दुभते हा त्यांचे कुटुंब तानुबाई यांचा. आण्णांच्या सुभ्यात कोणीही यावे, कांदा उपटावा, रामराम घालून जावे. तानुबाईंच्या सुभ्यात मांजरदेखील परवानगीवाचून पाऊल टाकीत नसे.

कारण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दुभत्याचे जाळीचे कपाट होते, आणि त्यात साय, विरजण, लोणी, तूप ऐसा खजिना होता, आणि त्यास पितळी कुलूप होते, आणि त्या कुलपाची किल्ली काळ्या गोफात ओवून तानुबाईंच्या कमरेस अष्टौप्रहर असे. बाई कपाट उघडीत तेव्हा सर्वांकडे पाठ करून उभ्या राहात, कुलपाशी अंमळ खुडबुड करीत, आणि मगच दार करकरे. चिरंजीव रविराज यांनी वयाच्या सातव्या वर्षी सायीच्या मोहाने खिळा घेऊन त्या कुलपावर एकवार छापा घातला होता. घटकाभर झुंजले, परंतु कुलूप उघडेना, तेव्हा रित्या हातांनी माघारी फिरले. आता ते रांजणगावच्या कारखान्यात क्वालिटीच्या खात्यात कामास होते, आणि लोखंडाचे उत्तम जाणकार होते, तरी ऐसे मजबूत कुलूप आपण दुसरे पाहिले नाही, हे आल्यागेल्यास अभिमानाने सांगत.

याच रविराजांच्या धर्मपत्नी साधनाबाई. माहेर दौंडास, वडील रेल्वेत पॉइंट्समन, सबब गाडीच्या शिटीवर घड्याळ लावणारे वळण. लग्न होऊन तीन वर्षे लोटली, कन्यारत्न छकुली पदरी आले, परंतु या घरात साधनाबाईंच्या नावावर एकही पदार्थ चढला नव्हता. बाईंनी भाजी केली तर तानुबाई शेवटास येऊन मीठ घालीत. बाईंनी भाकरी थापली तर तानुबाई ती उलटीत. बाईंनी कालवण उकळले तर तानुबाई वरून कोथिंबीर टाकून जात, आणि मग आण्णा पहिला घास घेऊन म्हणत, “हिच्या हाताला चवच हाय,” आणि ‘हिच्या’ म्हणजे तानुबाईंच्या हे सांगण्याचे कारण पडत नसे. तीन वर्षांत हा निवाडा हजार वेळा झाला असेल. साधनाबाई मुकाट्याने वाढीत, परंतु आत कोठेतरी दुखे. एक पदार्थ, आरंभापासून शेवटापर्यंत, ज्याला माझा म्हणावे, ऐसा त्यांच्या मनाने ध्यास घेतला.

त्या ध्यासास तोंड फुटले ते छकुलीच्या बारशास. ते समयी शिरूरहून गुलाबी फुलांचा केक आणावा ऐसी मसलत होऊन रविराज एम-एटीवर स्वार झाले, आणि बाजारपेठेतून केकाचा खोका घेतला, आणि मग म्हशींची सरकी पेंड संपली आहे हे आठवून पेंडीचे पोतेही घेतले. खोका पाठीमागे ठेविला, आणि तो उडून जाईल या काळजीने त्यावर पोते ठेविले, आणि दोहोंस रबराने करकचून आवळले. घरी येऊन पोते उतरले तेव्हा केक खोक्याच्या चारी भिंतींस लागला होता. तो चमच्याने वाट्यांत घालून पाहुण्यांस दिला, आणि दौंडाहून आलेल्या व्याही मंडळींनी तो शिरा समजून वाखाणला. त्या भर पंक्तीत साधनाबाईंच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले आणि त्या बोलून गेल्या की पहिल्या वाढदिवसाला केक मी घरी करीन, तीन थरांचा करीन, आमच्या मुमताजचाची करतात तसा, आणि एकटी करीन.

तानुबाईंनी हातचे पातेले खाली ठेविले, आणि सर्वांसमक्ष फर्मान काढले ते ऐसे: केक साधला तर दुभत्याच्या कपाटाची किल्ली सुनेच्या कमरेस जाईल, न साधला तर ऐसे इंग्रजी प्रकार आपल्या चुलीजवळ पुन्हा आणू नयेत, आणि सुनेने ‘एकटी करीन’ हा शब्द या घरात पुन्हा उच्चारू नये. आण्णांनी मान डोलवून त्यावर मोर्तब केले. मान कशास डोलवली हे त्यांस पुढे विचारता ते म्हणाले की तोंडात घास होता.

यावर वर्ष लोटले. पौष लागला, थंडी पडली, वाढदिवस आठ दिवसांवर आला, तेव्हा साधनाबाई न्हावऱ्याच्या एसटीडी बूथवर खासा गेल्या आणि दौंडास मुमताजचाचीशी बोलणे लाविले. या मुमताजबी म्हणजे रेल्वे चाळीत बाईंच्या माहेरच्या भिंतीस भिंत लावून राहणाऱ्या. त्यांचे यजमान सुभानचाचा गार्ड-ड्रायव्हरांच्या खानावळीत आचारी; जुन्या साहेबी अमदानीतील केकाची विद्या त्यांच्या घरी दोन पिढ्या होती. दर ईदेस चाची तीन थरांचा केक करीत, आणि परकरी वयातली साधना त्यांच्या शेजारी बसून अंड्याचे भांडे धरीत असे. चाचींनी तारेवरून तीन कलमे सांगितली. पहिले, अंड्यांच्या भारोभार साखर आणि साखरेच्या भारोभार मैदा. दुसरे, झाकण ठेवल्यावर पंचवीस मिनिटे आभाळ कोसळले तरी उचलायचे नाही. तिसरे, थरांमध्ये भरायची साय घुसळताना ती फुलली की त्याच क्षणी हात थांबवायचा. आणि शेवटी म्हणाल्या, “मैं तेरी अम्मी के साथ इतवारी येते. बघते काय करतेस ते.” हे ऐकून साधनाबाईंस धीर आला आणि धडकीही भरली.

मग रसदेची तजवीज झाली. मैदा आणि साखर आली. बारा गावरान अंडी जमा झाली. घोडनदीची वाळू चाळून, धुऊन, वाळवून मोठ्या पातेल्यात पसरली, कारण भट्टी नव्हती, आणि चाचींच्या शास्त्राप्रमाणे खाली चूल, वर परातीत निखारे आणि मध्ये वाळू ऐसा वेढा घातला की केकास पळण्यास वाट राहात नाही. राहता राहिली साय. ती कपाटात होती. साधनाबाईंनी विनंती केली की दोन दिवसांची साय विरजण न लावता तशीच ठेवावी. विरजणावाचून साय ठेवणे म्हणजे तानुबाईंच्या लेखी लेकराला उघडे झोपवणे. तरी थंडी आहे, नासणार नाही, ऐसे आण्णांनी मध्यस्थीचे बोलून तो तह घडविला. किल्ली मात्र कमरेची हालली नाही.

रविवारी सकाळी धार काढून झाल्यावर मोहिमेस तोंड लागले. तराजूच्या एका पारड्यात चार अंडी ठेवून दुसऱ्यात साखर घातली, मग साखरेसमोर मैदा तोलला, ऐसे तीन थरांचे तीन वाटे झाले. अंडी फेटण्यास तारेची रवी नव्हती. तेव्हा साधनाबाईंनी ताकाची लाकडी रवी स्वच्छ घासली, घुसळखांबास बांधली, तिला दोरी गुंडाळली, आणि दोरी ओढण्याच्या कामी रविराजांस जुंपले. रविराजांनी सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाईम कशाला म्हणून तक्रार गुदरली, ती बाईंनी दाखल करून घेतली नाही. दोरी सूं सूं करू लागली, अंडी पिवळ्याची पांढरी झाली, फेस भांड्याच्या काठास आला. तानुबाई उंबऱ्यावर बसून हा प्रकार चाळीस वर्षांच्या अनुभवाच्या नजरेने न्याहाळीत होत्या. अर्ध्या घटकेने त्यांस राहवेना.

“सादना, कवा येतंय लोणी?”

“आत्या, अंड्याला लोणी न्हाई येत.”

“मंग एवढं घुसळून काय फायदा?” ऐसे म्हणून तानुबाई मिरच्या निवडू लागल्या. लिहिणाराचे मत ऐसे की पुढील सर्व अनर्थाचे बीज या प्रश्नात होते, परंतु ते समयी कोणाच्या ध्यानी आले नाही.

पहिला थर टोपात घालून, टोप वाळूवर ठेवून, वर झाकण आणि झाकणावर निखाऱ्यांची परात ऐसा बंदोबस्त झाला. साधनाबाई छकुलीस न्हाऊ घालण्यास गेल्या आणि पहाऱ्यावर आण्णांस बसविले. आता आण्णांची हयात व्यायला आलेल्या मेंढ्या आणि म्हशी यांची राखण करण्यात गेलेली. जेथे काही निपजणार आहे तेथे दर थोड्या वेळाने जाऊन बघावे, हा त्यांच्या रक्तातला नियम. पाच मिनिटांनी त्यांनी परात बाजूस करून झाकण उचलले आणि पाहिले. दहाव्या मिनिटास पाहिले. पंधराव्या मिनिटास तर हळूच बोटाने दाबून, “येतंय, येतंय, घाई न्हाई,” म्हणून केकास धीर दिला. परिणाम ऐसा की थर बाहेर आला तेव्हा कडा उंच आणि मध्यभागी खळगा, जणू कोणी कोंबडी तेथे बसून उठली. रविराजांनी कारखान्यातून आणलेली पोलादी पट्टी लाविली आणि गंभीर होऊन निकाल दिला, “सेंटरला बारा एमएम डाऊन हाय. मटेरियल रिवर्कला जाणार.”

साधनाबाईंनी तो थर ताटात काढून ठेविला. तीनांतला एक मोहरा पडला, आणि फितुरी घरातूनच, आणि ती मामंजींची, म्हणून बोलता येईना. आण्णा गुन्हा कबूल करून टोपी काढून बसले. बाईंनी दुसऱ्या थराची चार अंडी फोडली, आणि रविराजांनीही दोरी मुकाट्याने उचलली.

येथे तानुबाईंस वेगळाच संशय आला. आण्णांनी झाकण उचलले हे त्यांच्या मते किरकोळ. सकाळपासून वस्तीवरच्या धुरपदाबाई दोन वेळा ताक मागण्यास येऊन गेल्या होत्या आणि दोन्ही वेळा पातेल्याकडे बघून “बया बया” म्हणाल्या होत्या, तेव्हा ही दृष्टच. सबब दुसरा थर वेढ्यात जाताच तानुबाईंनी मुठीत मीठ, मोहरी आणि सात सुक्या मिरच्या घेतल्या, पातेल्यावरून सात वेळा उतरविल्या, आल्यागेल्याची, पाप्याची, दौंडाची, शिरूरची सर्वांची नजर मोजली, आणि निखारे परातीत समोर तयारच आहेत हे पाहून सगळी मूठ त्यांवर झोकून दिली.

मग जे झाले ते लिहिण्यास लेखणीसही खोकला येतो. मिरचीचा लोट उठला आणि त्याने स्वयंपाकघर, माजघर आणि ओसरी ऐसे तीन बुरूज एका दमात घेतले. आण्णा टोपी विसरून पळाले. रविराज पट्टी टाकून पळाले. साधनाबाईंनी छकुलीस पदराखाली घेऊन गोठा गाठला, तेथे म्हशीही शिंकत होत्या. खुद्द तानुबाई सर्वांत शेवटी बाहेर आल्या, डोळ्यांतून धारा लागलेल्या, आणि तशाही स्थितीत म्हणाल्या, “बघा, केवढी नजर व्हती!” पुरती पंचवीस मिनिटे त्या मुलखात कोणाचाही पाय पडला नाही. धूर बसल्यावर साधनाबाई नाकास पदर लावून आत शिरल्या, झाकण उचलले, आणि पाहतात तो दुसरा थर चहूबाजूंनी सारखा फुगून, तांबूस होऊन, मोठ्या दिमाखाने उभा. झाकण पक्के बसल्याने मिरचीचा वासही आत शिरला नव्हता. तानुबाई म्हणत हे दृष्ट काढल्यामुळे, साधनाबाई म्हणत हे झाकण न उचलल्यामुळे. लिहिणारा दोन्ही पक्ष नोंदवून ठेवतो, कारण त्यास दोघींच्याही हातचे जेवायचे आहे. तिसऱ्या थराच्या वेळी आण्णा आपण होऊन गोठ्यात जाऊन बसले, आणि तोही थर बिनबोभाट हाती आला.

आता उरली साय. तानुबाई उठल्या, सर्वांकडे पाठ केली, खुडबुड केली, दार करकरले, आणि दोन दिवसांची दाट साय पितळी गंजात घेऊन आल्या. साधनाबाईंनी गंज घेण्यास हात पुढे केला, परंतु सकाळपासून काम करून त्यांच्या हातांस गोळे आले होते, आणि ते तानुबाईंनी पाहिले. तेव्हा सासूबाईंनी आपण होऊन रवी धरली आणि हुकूम केला की तू छकुलीस झबले घाल, घुसळण मी बघते. साधनाबाईंनी चाचींचे तिसरे कलम दोनदा बजावून सांगितले: फुलली की थांबा.

“व्हय व्हय. म्या काय आज घुसळाय लागले व्हय?” तानुबाई म्हणाल्या.

आणि खरोखर बाई फसविणाऱ्या नव्हत्या. त्यांनी दोरी धरली, डावा-उजवा हात सुरू झाला, आणि थोड्याच वेळात साय फुलली, पांढरीशुभ्र, हलकी, रवीवर ठरेल ऐसी. हाच तो क्षण, येथेच थांबायचे. परंतु चाळीस वर्षे रोज पहाटे या क्षणास त्या हातांनी एकच गोष्ट शिकली होती, ती ही की साय फुलली म्हणजे लोणी दाराशी आले, आता जो थांबला तो आळशी. बुद्धी म्हणाली थांब, पण हात पुढे निघून गेले होते. दहा हिसके, वीस हिसके, कोमट पाण्याचा एक शिडकावा, आणि गंजात चुळुक चुळुक आवाज आला, आणि ताक एकीकडे, लोणी एकीकडे. तानुबाईंनी तो गोळा तळहातावर झेलला, नारळाएवढा, घट्ट, बिनखोट, आणि ऊर भरून हाक मारली, “सादना, बघ गं, कसलं झ्याक आलंय!”

साधनाबाई छकुलीस कडेवर घेऊन आल्या, आणि तो गोळा पाहिला. घरात दुसरी साय नव्हती. दौंडची एसटी चौफुल्यावरून निघाली असेल. तीन थर, एक खचलेला, सुके पडून राहणार, आणि चाची विचारणार, आणि आई ऐकणार, आणि उद्यापासून पुन्हा भाजीत मीठ दुसऱ्याचे. त्यांच्या मनात एक काळा विचारही येऊन गेला की हे मुद्दाम तर नव्हे? परंतु सासूच्या तोंडावरचा तो निर्मळ आनंद पाहून त्या विचाराची त्यांस लाज वाटली, आणि मग बाई पाटावर बसून लहान मुलासारख्या रडू लागल्या.

तानुबाईंच्या हातावर लोणी तसेच राहिले. काय झाले ते त्यांस एकदम उमगले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे तेज उतरले. चुकले म्हणण्याची त्या तोंडास सवय नव्हती. रडणाऱ्या माणसासाठी त्यांच्यापाशी जन्मभर एकच औषध होते, ते त्यांनी केले. लोण्याचा एक लपका काढला, डब्यातली चिमूटभर साखर त्यावर भुरभुरली, आणि रविराज लहानपणी पडून झडून आले म्हणजे देत तसा तो सुनेच्या तळहातावर ठेवून म्हणाल्या, “खा. रडू नगं. खा आधी.”

साधनाबाईंनी हुंदका गिळून तो लपका जिभेवर ठेविला. विरजण नसल्याने लोणी आंबट नव्हते, गोडसर होते, साखरेने अधिकच गोड झाले होते, आणि जिभेवर बसून राहत होते, सायीसारखे ओघळत नव्हते. बाईंचे रडणे मध्येच थांबले. त्यांनी पुन्हा चाखले. मग ताडकन उठल्या, फुलविलेल्या सायीत घालण्यास करून ठेवलेली पिठीसाखर आणिली, आणि सासूच्या हातातला गोळाच परातीत घेऊन त्यात ती मळू लागल्या. “आत्या, हात लावा,” इतकेच म्हणाल्या. मग चार हात परातीत फिरू लागले, बांगड्यांस लोणी लागले, कोपरांपर्यंत लोणी गेले, आणि लोणी-साखर फेसून ऐसी मऊ आणि दाट झाली की रविराजांनी पट्टी उभी रोवून पाहिली, ती पडली नाही. “पास,” ते म्हणाले.

खचलेला थर तळास ठेविला आणि त्याच्या खळग्यात लोणी भरले, तेव्हा तो आपोआप सपाट झाला. आण्णांच्या बोटाचे पाप लोण्याखाली झाकले गेले. त्यावर दुसरा, त्यावर लोणी, त्यावर तिसरा, आणि सर्वांवर लोण्याचा गिलावा. वर फुले काढण्यास साधन नव्हते, सबब छकुलीचे इवलेसे पाऊल दुधाने पुसून त्यावर उमटविले. हा बेत साधनाबाईंचा एकटीचा.

तीन वाजता दौंडकर मंडळी डेरेदाखल झाली. मुमताजचाचींनी पिशवी टेकण्याआधी केकाभोवती एक फेरी घातली, वाकून थर मोजले, आणि जमिनीवर बसून म्हणाल्या, “खडा तो है.” मेणबत्ती लागली, छकुलीने ती विझविण्याऐवजी धरण्याचा यत्न केला, टाळ्या झाल्या, केक कापला. मधला तुकडा, म्हणजे खळग्याचा, ज्यात लोणी सर्वांत अधिक, तो चाचींच्या वाट्यास आला. त्यांनी डोळे मिटून खाल्ला. चाचींनी डोळे उघडले, बशी पुढे केली, आणि दुसरा तुकडा मागितला. यापरते मानपत्र मुमताजबींनी आयुष्यात कोणास दिले नव्हते.

इतक्यात आण्णांनी आपला घास गिळला, समाधानाने मिशी पुसली, आणि तीस वर्षांच्या सवयीने तोंड उघडले, “हिच्या हाताला चवच...”

“गप बसा,” तानुबाई कडाडल्या. “सुनेनं केलाय. एकटीनं केलाय. म्या हात बी लावला न्हाई.”

हे बोलताना त्यांच्या दोन्ही कोपरांवर लोणी चमकत होते, बांगड्या लोण्याने मुक्या झाल्या होत्या, आणि कपाळावरही एक पांढरा फराटा होता. पंक्तीतल्या प्रत्येकाने तो पाहिला. चाचींनी पाहिला, विहीणबाईंनी पाहिला, ताक मागण्यास तिसऱ्यांदा आलेल्या धुरपदाबाईंनीही पाहिला. सर्वांनी आपापल्या बशीत डोळे घातले. साधनाबाई काही सांगू गेल्या, परंतु तानुबाईंनी अशा नजरेने पाहिले की तो शब्द त्यांनी केकासोबत गिळला. सासूने आपल्यासाठी भर पंक्तीत धडधडीत खोटे बोलावे, हे इनाम त्यांस किल्लीहून थोर वाटले, आणि त्यांचे डोळे पुन्हा भरून आले. पाहुणे वळले तेव्हा तानुबाईंनी कमरेचा गोफ सोडला आणि किल्ली सुनेच्या हाती देऊन भांडी घासण्यास गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापवून झाले, आणि साधनाबाई तीन वर्षांत प्रथमच कपाटासमोर उभ्या राहिल्या. मागे रविराज डबा भरण्याची वाट पाहात होते, आण्णा चहा पीत होते. बाईंनी किल्ली कुलपात घातली आणि फिरविली. ती फिरली, आणि फिरतच राहिली. आत काही लागेना. बाईंनी कुलूप हातात घेऊन किंचित ओढले, तो कडी अलगद सुटून वर आली. कुलूप मोडके होते. आजचे कालचे नव्हे, कित्येक वर्षांचे.

त्यांनी मान वळवून पाहिले. तानुबाई चुलीपाशी फुंकणीने जाळ करीत होत्या, आणि जाळाकडेच बघत, फक्त सुनेस ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, “तुझ्या नवऱ्यानंच मोडलं व्हतं, खिळा घालून. त्याला अजून वाटतंय उघडलं न्हाई म्हणून. पाठ करून हुबी ऱ्हा. जरा खुडबुड कर, मंग उघड.”

साधनाबाईंनी ओढणीसारखा पदर खांद्यावरून घेतला, सर्वांकडे पाठ केली, कुलपाशी अंमळ खुडबुड केली, आणि मग दार करकरले. पाठीमागे रविराज आण्णांस सांगत होते, “कुलूप असावं तर असं.”

येणेप्रमाणे तीन थर उभे राहिले, फौजेपैकी बारा अंडी व सात मिरच्या कामास आल्या, गनीम म्हणावा ऐसा कोणी नव्हता हे शेवटी उघड झाले, आणि दुभत्याचा सुभा कोळपे घराण्यातील सौभाग्यवती साधनाबाई यांच्याकडे कायम होऊन घुसळण मात्र तानुबाईंच्या हाती राहिली. केक सुनेने एकटीने केला. कपाटाचे कुलूप अत्यंत मजबूत आहे. या दोन गोष्टी या बखरीत पक्क्या शाईने नमूद केल्या आहेत, आणि रविराजांनी ही बखर हाती घेतल्यास त्यांनी तेवढ्याच वाचाव्या.